मेणातली कणी

हे बघा, ह्या मेणाच्या चौकोनी वडीत जो फिकट ठिपका दिसतोय ना, तांदळाच्या कणीएवढा, तो आमच्या काकांच्या जठरातला आहे. एंडोस्कोपी करताना चिमट्यानं काढलेला. लॅबवाले ह्याला ब्लॉक म्हणतात.

काका इंदूरचेच, राजेंद्रनगरला राहतात. सकाळी पोहे-जिलबी झाल्याशिवाय ज्यांचा दिवस सुरू व्हायचा नाही त्यांना दिवाळीनंतर दोन घास गिळवेनात, वजन उतरत गेलं आणि तपासण्या झाल्या तेव्हा कॅन्सर लिव्हरपर्यंत पोचलेला. ऑपरेशनचा विषयच संपला. डॉक्टर म्हणाले किमो देऊच, पण त्याआधी ह्या तुकड्याची हर-टू टेस्ट करू, पॉझिटिव्ह आली तर एका ट्रायलबद्दल बोलू.

ट्रायल म्हटल्याबरोबर काकू उठून आत गेल्या. "आपल्या माणसावर प्रयोग करू द्यायचे का रे?" इंदूरकरांना ह्या भीतीचं कारण सांगायला नको. पेशंटला नीट न सांगता औषधांच्या चाचण्या केल्याचे आरोप आपल्याच गावात झाले, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, आणि 2013 मध्ये कोर्टाच्या आदेशानंतर सहमती घेताना ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग करायचा नियम आला. काकूंचा प्रश्न अगदी योग्य होता, म्हणून मी तो धरूनच वाचायला बसलो.

तर हर-टू हे पेशीच्या अंगावरचं एक प्रोटीन. ते फार झालं की पेशीला सारखं वाढ, वाढ असं सांगत राहतं. ट्रास्टुझुमॅब नावाचं औषध नेमकं त्याच्यावर जाऊन बसतं. 2010 मध्ये टोगा ट्रायलचे निकाल आले, 24 देश, 594 पेशंट, सगळे हर-टू पॉझिटिव्ह, जठराचा किंवा अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथला पुढे गेलेला कॅन्सर असलेले. किमो सगळ्यांनाच दिली, अर्ध्या लोकांना त्यासोबत दर तीन आठवड्यांनी ट्रास्टुझुमॅबचं सलाईन. नुसत्या किमोवाल्यांचं मध्यक आयुष्य 11.1 महिने आलं, दुसऱ्या गटाचं 13.8. मध्यक म्हणजे अर्धे लोक त्याहून जास्त जगले, अर्धे कमी.

"एवढंच?" काकू म्हणाल्या. मलाही आधी तसंच वाटलं, खरं सांगतो. पण पुढे वाचलं तर ज्यांच्या गाठीत हे प्रोटीन जास्त होतं त्यांच्यात 11.8 विरुद्ध 16 महिने निघाले, म्हणजे सगळं ह्या कणीवर येऊन थांबतं. स्लाइडवर रंग चढवतात, तपकिरी रंग जितका गडद तितका आकडा वर, शून्यापासून 3+ पर्यंत, आणि 2+ आला तर फिश नावाची आणखी एक टेस्ट. जठराच्या गाठीत हर-टू सगळीकडे सारखं नसतं, एका कोपऱ्यात असतं, दुसऱ्यात नसतं, म्हणून बायोप्सीचे एकदोनच नाही तर सहा-आठ तुकडे घेतलेले बरे. हे आम्हाला पहिल्या वेळी कोणीच सांगितलं नव्हतं.

आणि काकूंना सगळ्यात जास्त पटलं ते लॅपॅटिनिबचं. हेसुद्धा हर-टूवरचंच औषध, गोळीच्या रूपात. किमोसोबत देऊन पाहिलं, 2016 मध्ये निकाल छापून आले तर आयुष्य काही ठोस वाढलं नव्हतं, जुलाब मात्र वाढले. नुसती किमो मिळालेल्यांचं त्यात काही हुकलं नव्हतं! कुठला गट बरा ते आधी डॉक्टरांनाही माहीत नसतं, म्हणून तर ट्रायल करावी लागते.

आता काकूंनी वहीत प्रश्न लिहून ठेवलेत. किमो नेहमीचीच मिळणार ना, ट्रास्टुझुमॅबचा हृदयावर परिणाम होऊ शकतो म्हणून हृदयाचा इको कधी कधी करणार, मधेच सोडलं तर इलाज चालू राहील ना, क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीतला नंबर काय. डॉक्टरांनी एकेकाचं उत्तर द्यायचं कबूल केलंय. ब्लॉक आज टेस्टला जातोय, पावती काकूंच्या पर्समध्ये आहे, आणि काका आत विचारतायत, आज पेज आहे की खिचडी.