वहीच्या आतल्या पानाचे गणित

स्वतःच्या मापाची आणि स्वतःच्या आखणीची वही छापून घ्यायची म्हटले की बहुतेक जण मुखपृष्ठापासून सुरुवात करतात आणि सगळी हौस तिथेच फेडून घेतात. मुखपृष्ठावरची लहानसहान चूक खपून जाते; आखलेल्या पानावरची चूक मात्र वही संपेपर्यंत पानोपानी दिसत राहते. म्हणून आज बराचसा वेळ मी आतल्या पानालाच देणार आहे.

व्यावसायिक डिझाइन सॉफ्टवेअर नसल्यामुळे इथे काही अडत नाही. पानाचे माप मिलिमीटरमध्ये घेणारे, रेषेची जागा आकड्याने ठरवू देणारे आणि पीडीएफ काढून देणारे कोणतेही साधन चालते. उदाहरणासाठी आपण मोफत मिळणारे लिबरऑफिस ड्रॉ घेऊ. ए-फाइव्ह वहीचे कापून तयार झालेले माप १४८ × २१० मिमी असते. छापलेल्या कागदांचा गठ्ठा कापताना पाते जरासे इकडेतिकडे होतेच, त्यामुळे जे काही पानाच्या कडेला भिडायला हवे ते कडेबाहेर साधारण ३ मिमी वाढवून ठेवावे लागते. यालाच ब्लीड म्हणतात. चारही बाजूंनी ते धरले की पान १५४ × २१६ मिमीचे होते. ड्रॉमध्ये हेच माप घालावे आणि समास शून्य करावेत.

आता आखणी. रेषा हाताने ओढून, नजरेने अंतर जुळवण्याच्या भानगडीत पडू नये. पहिली रेषा डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत पूर्ण १५४ मिमीची काढावी, ती वरून २३ मिमीवर ठेवावी आणि ‘डुप्लिकेट’ या सोयीत प्रतींची संख्या २५ व उभे अंतर ७ मिमी भरावे. एकूण २६ रेषा मिळतात. कापल्यानंतर वर २० मिमी आणि खाली १५ मिमी जागा उरते. पाठपोट दोन्ही पानांसाठी हीच आखणी वापरावी, म्हणजे पातळ कागदातून मागच्या रेषा दिसल्या तरी त्या पुढच्या रेषांच्या जवळपास मागेच येतात.

रेषेच्या जाडीकडे फारसे कोणी पाहत नाही. ड्रॉमध्ये रेषेची जाडी मुळात शून्य असते, म्हणजे ज्या यंत्रावर ती उमटेल त्या यंत्राला जमेल तितकी बारीक. घरच्या प्रिंटरवर ती छान दिसते. छापखान्यातल्या बारीक ठिपक्यांच्या यंत्रावर तीच रेषा जवळजवळ नाहीशी होते. म्हणून ०.१ मिमी हा आकडा आठवणीने घालावा. रंगाचे त्याहून अवघड आहे. फिकट करड्या रंगाची बारीक रेषा छपाईत ठिपक्यांची होऊन तुटक दिसू शकते, आणि स्क्रीनवरचा रंग चार शाईंत विभागला गेला तर तिला रंगीत कडा सुटतात. ऑफसेटवर, म्हणजे प्लेट बनवून शाईने छापणाऱ्या यंत्रावर, छापणार असाल तर फाइलमधली रेषा ठळक काळीच ठेवावी आणि आतली पाने एकरंगी, करड्या किंवा निळ्या शाईत छापावीत असे छापखान्याला सांगावे. शाईच फिकट असल्यामुळे रेषा अखंड राहते. डिजिटल छपाईत ही मुभा सहसा नसते; तिथे नमुन्याचे एक पान आधी काढून घेणे उत्तम.

बांधणी कोणती हे आखणीच्या आधीच ठरवावे. वायरो बांधणीत, म्हणजे कडेच्या भोकांतून दुहेरी तारेची वेटोळी ओवलेल्या बांधणीत, भोकांसाठी सुमारे १० ते १२ मिमी जागा सोडावी लागते आणि ती उजव्या पानावर डावीकडे, तर डाव्या पानावर उजवीकडे येते. म्हणून समासाची उभी रेषा असेल तर दोन वेगळी पाने करावी लागतात. मधे पिना मारायच्या असतील तर पानांची संख्या चारच्या पटीत हवी. फॉर्मवर, म्हणजे अनेक पाने एकत्र छापायच्या मोठ्या कागदावर, पाने लावण्याचे काम मात्र छापखान्यावर सोडावे. आपण सुटी पाने क्रमाने द्यावीत.

मुखपृष्ठाबद्दल थोडक्यात सांगतो. चित्र ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके), म्हणजे ब्लीडसह एका बाजूसाठी सुमारे १८१९ × २५५१ पिक्सेल असावे. कडेला समांतर चौकट घालण्याचा मोह टाळावा, कारण कापताना एक मिलिमीटर सरकला तरी ती वाकडी दिसते. चिकटवलेल्या बांधणीत कण्याची, म्हणजे वहीच्या पाठीच्या पट्टीची, जाडी छापखान्याकडून विचारून घ्यावी. ८० जीएसएमचा (एका चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) एक कागद साधारण ०.१ मिमी धरला तर १९२ पानांचा, म्हणजे ९६ कागदांचा कणा साडेनऊ मिमीच्या आसपास जातो.

पीडीएफ काढल्यावर तिच्या गुणधर्मांत फाँट अंतर्भूत झाले आहेत का ते पाहावे आणि देवनागरी मजकुरातली जोडाक्षरे मोठी करून वाचावीत. मग घरच्या प्रिंटरवर ‘प्रत्यक्ष आकार’ निवडून एक पान काढावे आणि पहिल्या रेषेपासून शेवटच्या रेषेपर्यंत पट्टी लावावी. अंतर १७५ मिमी भरले तर फाइल पाठवायला हरकत नाही. सोबत ‘कापलेले माप १४८ × २१०, फाइलमध्ये ३ मिमी ब्लीड धरलेले आहे’ असे लिहून द्यावे, कारण ड्रॉच्या पीडीएफमध्ये कापण्याच्या खुणा आपोआप येत नाहीत.