उंच गोलंदाजाचा टप्पा आणि त्याची पाठ

(सोलापुरात शालेय क्रिकेट प्रशिक्षकांसमोर झालेलं व्याख्यान, संपादित)

मित्रहो,

शाळेच्या संघात सहा फूट तीन इंचांचं पोरगं आलं की आपण सगळेच खूश होतो. नवा चेंडू त्याच्या हातात देतो आणि सांगतो, "आपट!" म्हणजे टप्पा (चेंडू जमिनीवर पडतो ती जागा) आखूड ठेव, फलंदाजापासून लांब, आणि उसळव. त्याचं नुकसान तिथूनच सुरू होतं. ते का, हे जोएल गार्नरच्या कारकिर्दीवरून सांगतो.

गार्नर वेस्ट इंडीजचा वेगवान गोलंदाज, बार्बाडोसचा, उंची ६ फूट ८ इंच. १९७७ ते १९८७ या काळात ५८ कसोटी, २५९ बळी, सरासरी २०.९७. एकदिवसीय सामने ९८, बळी १४६, आणि षटकामागे धावा फक्त ३.०९. हा शेवटचा आकडा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. पुढं येऊन ड्राइव्ह मारावा तर चेंडू बॅटच्या वरच्या भागावर, हातमोज्यापाशी येतो. मागं जाऊन पुल करावा तर टप्पा तेवढा आखूड नसतो. फलंदाजानं धावा काढायच्या कुठून?

२३ जून १९७९, लॉर्ड्स, विश्वचषकाचा अंतिम सामना. इंग्लंडला २८७ धावा हव्या होत्या. २ बाद १८३ वरून सगळा संघ १९४ वर आटोपला. गार्नरचे बळी ३८ धावांत ५. त्यातले चार त्रिफळाचित, पाचवा यष्टिरक्षकाकडे झेल. जगातला सर्वांत उंच गोलंदाज ऐन मोक्याला स्टंप उडवत होता, म्हणजे चेंडू पुढं टाकत होता. आपल्या पोरांना बाउन्सरच्या चित्रफिती दाखवण्याआधी हा धावफलक दाखवा.

आता थोडा हिशेब करू. १३५ किलोमीटर वेगाचा चेंडू स्टंपच्या सहा मीटर अलीकडं पडतो असं धरा. एका गोलंदाजाच्या हातून तो २.०५ मीटर उंचीवरून सुटतो, दुसऱ्याच्या हातून २.३५ मीटरवरून. मध्यम उसळीच्या खेळपट्टीवर दुसऱ्याचा चेंडू स्टंपपाशी आठ-नऊ सेंटीमीटर, म्हणजे सुमारे साडेतीन इंच वर असतो. बॅटच्या मधोमध येणारा चेंडू वरच्या भागावर लागायला एवढं पुरतं. पण याची दुसरी बाजूही आहे. पहिल्याच्या चेंडूइतक्या उंचीवर स्टंप गाठायचा असेल तर उंच पोराला टप्पा दोन-सव्वादोन फूट पुढं न्यावा लागतो. बुटक्या गोलंदाजाचा चांगला टप्पा हा उंच गोलंदाजाचा आखूड टप्पा असतो. नेटमध्ये खडूनं एकच पट्टी आखून सगळ्यांना तीच देणं म्हणून चूक आहे. उंच पोराची पट्टी वेगळी आखा.

कुणी म्हणेल, ईशांत शर्मानं २०१४ मध्ये लॉर्ड्सवर आखूड चेंडू टाकूनच ७४ धावांत ७ बळी घेतले. खरं आहे. पण तिथं उसळी होती, क्षेत्ररचना त्याच बेतानं लावली होती आणि समोरचे फलंदाज मोहात पडत होते. आपल्याकडच्या काळ्या मातीच्या संथ खेळपट्टीवर उसळीतलं अंतर आणखी कमी होतं आणि आखूड चेंडू थांबून, आरामात मारण्याजोगा येतो. अशा ठिकाणी वेस्ट इंडीजच्याच उंच कर्टली अॅम्ब्रोसची आठवण ठेवावी. १९९४ मध्ये त्रिनिदादला इंग्लंडचा डाव ४६ धावांत संपला, अॅम्ब्रोसचे बळी २४ धावांत ६. पहिल्याच चेंडूवर सलामीवीर अॅथर्टन पायचीत झाला होता, म्हणजे चेंडू स्टंपवर होता.

पण उंची म्हणजे अंगाची उंची नव्हे, चेंडू सुटतो ती उंची. पुढचा गुडघा दुमडला आणि धड डाव्या बाजूला कललं की सहा फूट चार इंचांचं पोरगं सहा फुटांच्या पोराइतक्याच उंचीवरून चेंडू सोडतं. हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. क्रीजच्या रेषेत एक स्टंप उभा करा, मोबाइल बाजूला, क्रीजच्या समोर कमरेच्या उंचीवर स्थिर ठेवा, स्लो मोशनमध्ये सहा चेंडू घ्या. चेंडू हातातून सुटतो ते चित्र थांबवा. स्टंप जमिनीपासून २८ इंच असतो, त्या मापानं पट्टी लावून सुटण्याची उंची मोजा. पहिल्या षटकात आणि सहाव्या षटकात, दोनदा मोजा. सहाव्यात उंची चार बोटं उतरली असेल तर पोरगं थकलंय, चेंडू काढून घ्या.

आता पाठ. पुढचा पाय आपटतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या पाचपट आणि त्याहून जास्त जोर त्या पायातून वर चढतो. त्याच क्षणी कंबर एकीकडं आणि खांदे दुसरीकडं वळलेले असले, वर धड बाजूला कललेलं असलं, की कमरेच्या खालच्या दोन मणक्यांवर ताण येतो. तो ताण वाढत गेला की मणक्याच्या हाडाला चीर जाते, उजव्या हाताच्या गोलंदाजाला बहुधा डाव्या बाजूला. उंच मुलात धड लांब, म्हणून ताणही मोठा.

ऑस्ट्रेलियाचा ब्रूस रीडही ६ फूट ८ इंचांचाच, डावखुरा. १९९० मध्ये मेलबर्नला इंग्लंडविरुद्ध एका कसोटीत १३ बळी, पुढच्या वर्षी तिथंच भारताविरुद्ध १२. एवढी देणगी असलेला गोलंदाज पाठीच्या दुखण्यामुळं १९८५ ते १९९२ मध्ये २७ कसोटींवर थांबला, ११३ बळींवर. पाकिस्तानचा मोहम्मद इरफान तर ७ फूट १ इंच. पाइपच्या कारखान्यात काम करणारा हा माणूस २८ व्या वर्षी आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये आला. कसोटी खेळला फक्त चार, आणि २०१५ चा विश्वचषक कमरेच्या हाडाला चीर गेल्यानं अर्ध्यावर सोडावा लागला. त्याचं शरीर लहानपणापासून हळूहळू या कामासाठी घडलंच नव्हतं, असं मला वाटतं.

म्हणून आपली उन्हाळी शिबिरं मला काळजीची वाटतात. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा ४२-४३ वर. सुट्टी असते म्हणून सकाळ-संध्याकाळ दोन सत्रं. खाली सिमेंटवर अंथरलेली मॅट. आणि चौदा-पंधरा वर्षांचं, झपाट्यानं उंच होणारं पोरगं. हाडं लांब होतात तेवढ्या वेगानं ती टणक होत नाहीत, स्नायू मागं राहतात. इंग्लंडमध्ये १३ वर्षांखालच्या वेगवान गोलंदाजाला एका स्पेलमध्ये (सलग टाकायच्या षटकांच्या खेपेत) पाच आणि दिवसात दहा षटकांची मर्यादा आहे. आपल्या नेटमध्ये चेंडू कुणी मोजतच नाही. वही ठेवा, नेटमधले चेंडूही त्यात धरा. सिमेंटवर पूर्ण जोरानं टाकू देऊ नका. तिथं दोन पावलांवरून मनगट आणि टप्पा घोटून घ्या, पूर्ण रनअप मातीवर.

पोरगं कमरेत एका बाजूला दुखतंय म्हणालं तर बाम चोळून पाठवू नका. त्याला एका पायावर उभं करून मागं वाकायला सांगा. त्या वेळी तीच बाजू दुखली तर गोलंदाजी त्याच दिवशी बंद, आणि हाडांच्या डॉक्टरांकडं न्या. साध्या एक्स-रेत सुरुवातीची चीर बऱ्याचदा दिसत नाही, एमआरआय लागतो. विश्रांती काही महिन्यांची असते. पालकांना हे आधीच स्पष्ट सांगावं, नाहीतर तीन आठवड्यांत पोरगं परत नेटमध्ये दिसतं.

एक बारीक गोष्ट राहिली. उंच होणाऱ्या पोराचं पाऊल लांबत जातं, पण रनअपची खूण जुनीच राहते. मग नो-बॉल पडतात, ते टाळायला पोरगं शेवटची दोन पावलं आखडतं आणि तिथंच गुडघा दुमडतो. दर महिन्याला भिंतीवर उंची मोजा. वाढली असेल तर त्याला क्रीजवरून उलट, सीमारेषेकडं पळायला लावा आणि उडी घेतो तिथं खूण करा. चार-पाचदा पळवून मधली खूण धरा, टेपनं मोजून वहीत लिहा. बुटाचा नंबरही त्याच वेळी बघा. बोटं पुढं दाबली जात असतील तर पोरगं टाच जपून टेकवतं आणि सगळी ॲक्शन बिघडते. तेरा-चौदा नंबरचे स्पाइक सहज मिळत नाहीत, ते हंगामाच्या दोन महिने आधी मागवावे लागतात.