सिबिल सुधारणारं कार्ड आणि त्याची फी

नाशिकमध्ये सातपूर-अंबड भागातले कामगार आणि छोटे व्यावसायिक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचं हे संपादित शब्दांकन.

मंडळी, नमस्कार. कुणाकुणाचा हप्ता थकलाय ते हात वर करून सांगा, असं मी मुळीच विचारणार नाही. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात, पण म्हणून नाशिककरांच्या खिशात त्या वेळेवर येतातच असं नाही. कंपनीत ब्रेक मिळतो, निफाड-दिंडोरीकडे गारपीट होते, टेम्पो दोन महिने दारात उभा राहतो. हप्ता चुकतो. आज मला बोलायचंय ते हप्ता चुकल्यावर येणाऱ्या फोनबद्दल. वसुलीवाल्यांचा फोन नव्हे, तो सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतर काही महिन्यांनी एक गोड आवाजाचा फोन येतो. "सर, तुमचं सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, जरा वीक दिसतंय. आमचं कार्ड घ्या, सहा महिन्यांत स्कोअर वर."

हा धंदा आतून कसा चालतो ते बघायला अमेरिकेचं उदाहरण घेऊ, कारण तिथे त्याचे हिशेब उघड झालेत. २००७ साली नॅशनल कन्झ्युमर लॉ सेंटर या तिथल्या संस्थेने अशा कार्डांवर अहवाल काढला. त्यातलं एक कार्ड बघा. लिमिट २५० डॉलर. प्रोग्रॅम फी ९५, खातं उघडायचे २९, वार्षिक फी ४८ आणि दरमहा ६. झाले १७८. म्हणजे पाकिटातून कार्ड बाहेर काढलं तेव्हा माणसाकडे खर्चायला उरले ७२ डॉलर. आपल्याकडे शंभर रुपये देताना दहा आधीच कापून नव्वद हातावर ठेवणारा सावकार असायचा, त्याचाच हा भाऊ. फरक एवढाच की सावकार निदान नव्वद तरी देत होता.

आता यातली खरी गंमत ऐका. स्कोअर ठरवताना लिमिटपैकी किती रक्कम वापरली, हे बघितलं जातं. जो माणूस कायम लिमिटच्या काठावर असतो तो अडचणीत आहे, असं धरलं जातं. या कार्डावर एक डॉलरही खर्च न करता ७१ टक्के लिमिट वापरलेलं दिसतं! स्कोअर वाढवायला म्हणून विकलेलं कार्ड स्कोअर खाली ओढूनच घरात येतं. विकणाऱ्याला हे कळत नव्हतं असं मला वाटत नाही.

मग असं कार्ड काढतातच का? कारण कंपनीची कमाई फीमध्ये आहे. ग्राहकाने पैसे बुडवले तरी तिच्या खिशातले जाणार ७२, आणि मागायचे २५०. बँकेत कर्ज देताना आम्ही आधी विचार करायचो की हा माणूस फेडेल का. इथे त्या प्रश्नाला फारसं महत्त्वच उरत नाही.

हे कायद्याला कसं चाललं? तिथे १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने मार्केट (Marquette) नावाच्या बँकेच्या खटल्यात सांगितलं की बँक ज्या राज्यातली, त्या राज्याचा व्याजाचा नियम ती देशभर लावू शकते. पुढे साउथ डकोटा राज्याने व्याजावरची मर्यादाच काढून टाकली आणि १९८१ मध्ये सिटीबँकेने आपला कार्डाचा कारभार तिकडे हलवला. मग २००९ मध्ये नवा कायदा आला: पहिल्या वर्षात लिमिटच्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त फी खात्यातून घ्यायची नाही. त्यावर त्याच राज्यातल्या फर्स्ट प्रीमिअर बँकेने ३०० डॉलरच्या कार्डावर फी ७५ ठेवली, बरोब्बर २५ टक्के, आणि व्याज लावलं वर्षाला ७९.९ टक्के. शिवाय खातं उघडण्याआधी घेतलेली प्रोसेसिंग फी या मर्यादेत मोजायची की नाही, यावर कोर्टबाजी झाली. ती मोजायचीच, असं तिथल्या सरकारी नियामकाचं म्हणणं होतं. २०११ मध्ये बँकेला त्यावर कोर्टाची स्थगिती मिळाली आणि २०१३ मध्ये नियामकाने माघार घेतली. आधीची फी मर्यादेबाहेरच राहिली.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे सिबिल बिघडलेल्या माणसाला बहुतेक वेळा एफडीवरचं कार्ड सुचवतात. तुम्ही बँकेत ठेव ठेवायची, तिच्यावर बँक बोजा चढवते, म्हणजे ती तारण म्हणून अडकवून ठेवते, आणि त्या प्रमाणात लिमिट देते. मी या कार्डाच्या विरोधात नाही. उलट नीट वापरलं तर ते कामाचं आहे. पण हिशेब करून बघा. समजा दहा हजारांची ठेव, लिमिट नऊ हजार. जॉइनिंग फी ९९९, तिच्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११७९. ठेवीवर सात टक्के धरले तर वर्षाचं व्याज ७०० रुपये. तुमचेच पैसे तारण, जोखीम कुणालाच नाही, आणि वर पावणेपाचशे रुपये तुमच्याच खिशातून! जॉइनिंग फी न घेणारी एफडी कार्डं बाजारात आहेत. एजंट ती सुचवत नाही, तर का सुचवत नाही ते त्यालाच विचारा.

आणि फी भरून तुमच्या रिपोर्टमध्ये काय जातं? आपल्याकडे ही माहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क. स्कोअर ३०० ते ९००. त्यांच्याकडे बँक कळवते ते असं: लिमिट किती, बाकी किती, बिल वेळेवर भरलं की किती दिवस उशीर झाला, खातं चालू की बंद. फी किती भरली याचा तिथे रकानाच नाही. पाच हजार फी भरणारा आणि शून्य फी भरणारा, दोघांनी बिल वेळेवर भरलं तर नोंद सारखीच. स्कोअर वाढतो तो वेळेवर भरण्याने आणि काळाने. त्याला विकत घ्यायचा रस्ता नाही.

बायका इथे दहा-दहा वर्षं भिशी चालवतात, एक हप्ता चुकवत नाहीत, आणि त्याची नोंद कुठेच होत नाही. याचा मला राग येतो. असो.

दुसरा सापळा 'मिनिमम ड्यू'चा. समजा वीस हजार थकलेत, व्याज महिन्याला साडेतीन टक्के. बिलावर लिहिलंय, किमान हजार भरा. तुम्ही भरलेत. त्यातले ७०० व्याजात गेले, व्याजावरच्या जीएसटीचे १२६ गेले, मूळ रक्कम कमी झाली १७४ रुपयांनी. कार्डावर लेट फी लागली नाही, एवढंच समाधान. कार्डाचं व्याज ३० टक्क्यांच्या वर नको, असा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निर्णय होता. सुप्रीम कोर्टाने २० डिसेंबर २०२४ ला तो रद्द केला. त्यामुळे त्या निर्णयाच्या भरवशावर कुणी राहू नका.

विजेच्या खांबांवर 'सिबिल क्लिअर करून मिळेल' अशी पत्रकं असतात, त्यांच्यावर फार वेळ घालवत नाही. खरी नोंद कुणी पुसू शकत नाही. चुकीची नोंद तुम्ही स्वतः, फुकट दुरुस्त करून घेऊ शकता. चारही कंपन्यांनी वर्षाला एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत द्यायचा असतो. तक्रार ३० दिवसांत सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तेव्हा कुठलंही कार्ड घेण्याआधी रिपोर्ट काढा. कित्येकदा दुखणं भलतंच निघतं: फेडलेलं कर्ज अजून चालू दिसतंय, किंवा जुनं खातं 'सेटल्ड' पडलंय. सेटल्ड म्हणजे तडजोडीत थोडे भरले, बाकीचे सोडून दिले. पुढच्या बँकेला ते खटकतं. तिथे नवं कार्ड घेऊन उपयोग नाही. जुन्या बँकेशी बोलून उरलेले भरायचे आणि नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नसल्याचं पत्र, घ्यायचं.

एक ताई विचारतायत, असं फीवालं कार्ड आधीच घेतलं असेल तर काय करायचं?

ताई, कार्ड अजून चालूच केलं नसेल तर सोपं आहे. ३० दिवसांत चालू केलं नाही तर बँकेने तुमच्याकडून ओटीपीने संमती मागायची. तुम्ही दिली नाही तर सात कामाच्या दिवसांत काहीही पैसे न घेता खातं बंद करायचं. रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे हा. चालू केलं असेल तर फी गेली ती गेली, तिच्यासाठी जीव जाळू नका. लिमिटच्या पाव हिश्शाइतकंच वापरा, किराणा किंवा लाइट बिल, आणि बिल आलं की पूर्ण भरा. वर्षभराने पुढची वार्षिक फी लागण्याआधी ठरवा. तोवर दुसरं बिनफीचं कार्ड किंवा छोटं कर्ज सुरळीत चालू असेल तर हे बंद करायला हरकत नाही. सगळी बाकी भरून लेखी कळवा. सात कामाच्या दिवसांत बंद केलं नाही, तर बँकेला त्यापुढे दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यावे लागतात. नंतर रिपोर्ट काढून 'बंद' अशी नोंद आलीय का बघा. आणि ठेव मोडायला जाल तेव्हा तिच्यावरचा बोजा उतरलाय ना, ते आधी काउंटरवर विचारून घ्या, नाहीतर फॉर्म भरून तसंच परत यावं लागतं.