गोटी, उतार आणि विषम संख्या

[दृश्य: पन्हळीतून घरंगळणारी गोटी, अगदी जवळून. निवेदन पहिल्या चार आवाजांनंतर सुरू.]

हा आवाज गोटीचा नाही, दोऱ्यांचा. पन्हळीत चार दोरे आडवे चिकटवले आहेत आणि गोटी त्यांच्यावरून जाते तेव्हा टिक असं वाजतं. दोऱ्यांमधलं अंतर सारखं आहे, 49 सेंटीमीटर. आवाज मात्र एकमेकांच्या जवळ येत जातात. पहिल्या दोऱ्यापर्यंत पोचायला गोटीला दोन सेकंद लागतात. तिसऱ्यापासून चौथ्यापर्यंतचं तेवढंच अंतर ती अर्ध्या सेकंदाहून किंचित जास्त वेळात कापते.

[दृश्य: हात दोरे सरकवतात. शेजारी मेट्रोनोम, मिनिटाला 60 ठोके.]

आता उलटं करू. अंतर सारखं ठेवायचं नाही, आवाज सारखे आणायचे. मेट्रोनोमच्या ठोक्याला गोटी सोडायची आणि पुढच्या प्रत्येक ठोक्याला एक टिक जुळेपर्यंत दोरे मागेपुढे करायचे. या कामात घाई चालत नाही, पण कान फार लवकर तयार होतो. ठोका आणि टिक यांतला जराही फरक लगेच जाणवतो.

जुळलं. मेजपट्टी लावा. या उतारावर हिशेबाने येणाऱ्या जागा अशा: सुरुवातीपासून 12, 49, 110 आणि 196 सेंटीमीटर. म्हणजे पहिल्या सेकंदात गोटी 12 सेंटीमीटर गेली, दुसऱ्यात 37, तिसऱ्यात 61, चौथ्यात 86. प्रत्येकाला पहिल्या अंतराने भागा. एक, तीन, पाच, सात.

पाठ केलेल्या सूत्रातून हे आकडे काढता येतात, आणि बहुतेक वर्गांत तसेच काढले जातात. आधी आकडे हातात यावेत आणि मग सूत्र यावं, हा क्रम आम्हाला महत्त्वाचा वाटतो. कारण याच आकड्यांत गतीचा नियम उघडा दिसतो: दर सेकंदाला वेगात सारखीच भर पडते, इथे सेकंदाला साधारण साडेचोवीस सेंटीमीटरची. उतार बदलत नाही, म्हणून गोटीला ओढणारं बल बदलत नाही. बल बदलत नाही, म्हणून त्वरण, म्हणजे दर सेकंदाला वेगात पडणारी भर, बदलत नाही.

[दृश्य: मांडणी. पन्हळ, ठोकळे, पाणसळ, चिकटपट्टी.]

पन्हळ म्हणजे ॲल्युमिनियमचा काटकोनी अँगल, दोन मीटरपेक्षा थोडा लांब, उघडी बाजू वर करून ठेवलेला. दर दोन मीटरला 9 सेंटीमीटर चढ. आधारासाठी टोकांखाली दोनच ठोकळे ठेवले तर अँगल मध्ये झोळतो. मग वरचा भाग जास्त तिरका, खालचा जास्त सपाट, आणि सातच्या जागी साडेसहा येतात. मध्ये तिसरा आधार हवाच. एका टोकाला डोळा लावून बघा, कडा सरळ रेषेत दिसली पाहिजे.

दोरा शिवणकामाचा, बारीक. कडेवरून कडेवर ताणून बांधला तर गोटी त्यालाच अडते. तो पन्हळीच्या दोन्ही आतल्या बाजूंना टेकवून दाबायचा आणि टोकं बाहेरून चिकटपट्टीने पक्की करायची. जाड दोरा घेतला तर प्रत्येक उंचवट्यावर गोटीचा थोडा वेग जातो आणि पुढची अंतरं हळूहळू कमी भरतात.

[दृश्य: पट्टी उचलली जाते, गोटी सुटते. संथ गतीत.]

सोडण्याची पद्धत नीट बघा. बोटाने धरून सोडलेल्या गोटीला नकळत धक्का बसतो किंवा उलटी फिरकी मिळते. म्हणून गोटी पट्टीला टेकवायची आणि पट्टी उताराच्या दिशेने झटकन काढून घ्यायची. पहिलं अंतर 12 ऐवजी 15 आलं, तर बहुतेक वेळा चूक इथेच असते.

मग उतारच कशाला? गोटी सरळ वरून का टाकायची नाही? एक मीटर उंचीवरून पडायला तिला अर्धा सेकंदही लागत नाही, आणि स्टॉपवॉचचं बटण दाबायला हाताला 0.2 सेकंदाच्या आसपास उशीर होतो. जवळजवळ निम्मी चूक. तीच चूक चार सेकंदांच्या प्रवासात पाच टक्क्यांवर येते. गॅलिलिओकडे स्टॉपवॉचही नव्हतं. भांड्यातून बारीक धारेने पडणारं पाणी तो साठवायचा आणि तराजूत तोलायचा. पाण्याचं वजन हाच त्याचा वेळ. लाकडी तुळईत खणलेल्या गुळगुळीत खोबणीतून काशाचा गोळा सोडण्याचं हे वर्णन 1638 साली छापलं गेलं.

[दृश्य: फळ्यावर हिशेब]

इथे हुशार विद्यार्थी अडखळतात. 9 भागिले 200, गुणिले 9.8 (सरळ खाली पडणाऱ्या वस्तूचं त्वरण), म्हणजे त्वरण सुमारे 0.44 मीटर प्रति सेकंद वर्ग यायला हवं. मोजून येतं 0.245. घर्षणाला दोष द्यायची घाई होते, पण खरं कारण वेगळं आहे. गोटी घसरत नाही, फिरत फिरत येते. उंचीतून मिळालेल्या ऊर्जेचा एक वाटा फिरण्याला जातो. काटकोनी पन्हळीत भरीव गोटीसाठी त्वरण घसरत्या वस्तूच्या बरोबर पाच नवमांश येतं. गोटी काचेची असो की बेअरिंगमधला पोलादी छर्रा, लहान असो की मोठी, हा पाच नवमांश तोच राहतो. ती पन्हळीच्या कडांवर न टेकता आतल्या बाजूंवर टेकली पाहिजे, एवढंच.

[दृश्य: उताराला जोडलेली सपाट पन्हळ. गोटी उतरते आणि पुढे जात राहते.]

दुसरी पन्हळ पाणसळीने सपाट केली आहे. सांध्यावर ती केसभरही वर नको, गोटी कडेला आपटून उडते. किंचित खाली असलेली चालेल. उतार संपला, ओढणारं बल संपलं. गोटी थांबते का? बघा. पहिला मीटर जेमतेम एका सेकंदात, दुसराही जवळजवळ तेवढ्याच वेळात. गती टिकवायला बल लागत नाही. बल लागतं ती बदलायला. न्यूटनने 1687 मध्ये पहिला नियम म्हणून मांडलं ते हेच जडत्व.

[दृश्य: तीच गोटी सुती कापडाच्या पट्टीवर. थोड्या अंतरावर थांबते.]

कापडावर तिला थांबवणारं बल मोठं आहे, इतकाच फरक.

[दृश्य: रस्ता, ब्रेक लावणारी गाडी]

थांबण्यालाही हाच हिशेब लागू पडतो. ब्रेकचं बल तेवढंच असताना वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं: ताशी 30 किलोमीटरला 5 मीटर लागत असतील, तर 60 ला 20.