स्पीकरमधले चुंबक संगणकाला बाधते का?

श्रोतेहो, नमस्कार.

संगणकाला लागून स्पीकर ठेवू नका, त्यातल्या चुंबकाने संगणक बिघडेल, ही सूचना आपल्यापैकी अनेकांनी कधी ना कधी ऐकली असेल. ती सूचना मुळात चुकीची नव्हती. ज्या यंत्रांसाठी ती दिली जात होती, ती यंत्रे बहुतेकांच्या टेबलावरून हलली आणि सूचना मात्र मागे राहिली. चुंबक संगणकाला बाधते का, असे सरसकट विचारले तर त्याचे धड उत्तर देता येत नाही. संगणकाचा कोणता भाग आणि चुंबकापासून किती अंतरावर, एवढे विचारले की ते बऱ्यापैकी नेमके देता येते.

आधी स्पीकरच उघडून पाहू. पुढे कागदाचा किंवा प्लास्टिकचा शंकू असतो, त्याच्या मागे तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी असते आणि ही गुंडाळी कायम चुंबकाच्या एका अरुंद, गोलाकार फटीत अधांतरी बसवलेली असते. तारेतला विद्युतप्रवाह जसा बदलतो तशी गुंडाळी मागेपुढे होते, तिच्याबरोबर शंकू हलतो आणि आपल्याला आवाज ऐकू येतो. त्या फटीतले चुंबकीय क्षेत्र साधारण १ टेस्ला, म्हणजे १०,००० गॉस इतके असते. पृथ्वीचे स्वतःचे क्षेत्र अर्ध्या गॉसच्या आसपास आहे, हे लक्षात घेतले की हा आकडा धडकी भरवणारा वाटतो. पण हे सगळे बळ त्या फटीतच कोंडले जावे, म्हणून चुंबकाभोवती लोखंडाच्या चकत्या बसवलेल्या असतात. बाहेर निसटते ते क्षेत्र चुंबकाच्या पाठीला अगदी चिकटून मोजले तर काहीशे गॉस भरते, आणि तिथून पुढे ते फार झपाट्याने ओसरते. चुंबकाच्या आकाराच्या मानाने थोडे दूर गेल्यावर अंतर दुप्पट झाले की क्षेत्र साधारण एकअष्टमांश उरते. समजा १० सेंटीमीटरवर ८ गॉस भरले, तर २० सेंटीमीटरवर १ गॉस उरेल आणि ४० सेंटीमीटरवर ते पृथ्वीच्या क्षेत्रापेक्षाही कमी असेल.

मग पूर्वी एवढी भीती का होती? त्याचे खरे कारण जुने, मोठ्या काचेच्या नळीचे मॉनिटर हे होते. मी स्वतः असा मॉनिटर वापरत असताना त्याच्या उजव्या बाजूला टेकून एक स्पीकर ठेवला होता. दोन-तीन दिवसांत लक्षात आले, की पडद्यावर पांढरे पान उघडले की उजव्या खालच्या कोपऱ्यात जांभळट झाक दिसते आणि तिच्या कडेला हिरवट पट्टा उमटतो. स्पीकर हातभर दूर नेला तेव्हा डाग फिका झाला, पण गेला नाही. मला वाटले, मॉनिटर कायमचा गेला.

तसे झाले नव्हते, आणि ते का झाले नव्हते हे समजून घेण्यासारखे आहे. रंगीत नळीत मागच्या टोकाकडून इलेक्ट्रॉनांचे तीन झोत निघतात, सुमारे २५,००० व्होल्टच्या दाबाने पुढे ओढले जातात आणि काचेच्या आतल्या बाजूला असलेल्या लाल, हिरव्या आणि निळ्या ठिपक्यांवर आदळतात. प्रत्येक झोताने आपल्याच रंगाच्या ठिपक्यावर पडावे, म्हणून काचेच्या थोडे अलीकडे बारीक छिद्रांची धातूची जाळी बसवलेली असते. चुंबक जवळ आले की झोत किंचित वाकतो आणि लाल ठिपक्यासाठी निघालेले इलेक्ट्रॉन शेजारच्या निळ्यावर पडतात. एवढेच असते तर स्पीकर हलवताच चित्र पूर्ववत झाले असते. पण ती जाळी लोखंडी असल्यामुळे स्वतःच थोडी चुंबकित होऊन बसते, आणि म्हणून स्पीकर नेल्यावरही डाग उरतो. ही नळी इतकी हळवी होती, की मॉनिटरचे तोंड दुसऱ्या दिशेला वळवले तरी पृथ्वीच्या क्षेत्रामुळे रंगांत थोडा फरक पडू शकत असे.

त्यावरचा उपाय मॉनिटरमध्येच होता. नळीभोवती एक मोठे वेटोळे असे आणि मॉनिटर सुरू करताना त्यातून जोरदार उलटसुलट प्रवाह जाऊन क्षणार्धात मावळे. बंद असलेला मॉनिटर सुरू करताना ‘ठण्‌’ असा जो दणका ऐकू येई, तो त्याचाच. काही मॉनिटरांना त्यासाठी वेगळे बटण होते. मी ते दाबले, चित्र थरथरले, डाग अर्धा झाला. मधे काही मिनिटे थांबून तिसऱ्यांदा दाबल्यावर तो पूर्ण गेला. मधे थांबावे लागते, कारण प्रवाह मावळवणारा भाग तापलेला असतो आणि तो थंड झाल्याशिवाय दुसरा झटका नीट बसत नाही. चुंबकत्व घालवण्याच्या या क्रियेला इंग्रजीत ‘डीगॉसिंग’ म्हणतात; गाउस या गणितज्ञाच्या नावावरून पडलेला हा शब्द दुसऱ्या महायुद्धात, चुंबकीय सुरुंगांपासून जहाजे वाचवताना रूढ झाला.

संगणकासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या स्पीकरांत पुढे, बाहेर निसटणारे क्षेत्र कमी व्हावे म्हणून, मुख्य चुंबकाच्या पाठीला उलट ध्रुवाचे दुसरे चुंबक चिकटवून वर लोखंडी टोपण बसवू लागले. आजच्या सपाट पडद्यात मात्र इलेक्ट्रॉनांचा झोतच नाही. तिथे प्रत्येक बिंदू विजेच्या दाबाने चालतो, त्यामुळे शेजारच्या स्पीकरने त्याचे रंग बिघडत नाहीत.

दुसरी भीती साठवलेल्या माहितीची. फ्लॉपीच्या बाबतीत ती रास्त होती. साडेतीन इंची फ्लॉपीवरच्या लेपातली नोंद पुसायला सुमारे ७०० ओर्स्टेडचे क्षेत्र लागते, हवेत ते ७०० गॉसइतकेच धरता येते, आणि त्याहून कमी क्षेत्रातही नोंद अंशतः खराब होऊ शकते. म्हणून फ्लॉपी स्पीकरच्या पाठीवर ठेवणे धोक्याचे होते, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवणे नव्हते. हार्ड डिस्कच्या चकतीवरचा थर याच्या कितीतरी पट हट्टी असतो. त्याला हलवायला हजारो ओर्स्टेड लागतात आणि वर धातूचे कवचही असते. निकामी झालेली हार्ड डिस्क उघडली तर आत चंद्रकोरीच्या आकाराची दोन निओडिमियम चुंबके सापडतात. ती इतकी जोरकस असतात, की मधे बोट सापडले तर चांगलाच चिमटा बसतो. वाचन-लेखनाचा दांडा हलवण्यासाठी ती तिथे असतात आणि रचनेचे तत्त्व स्पीकरचेच आहे: चुंबकाच्या फटीत तारेची गुंडाळी. माहितीच्या चकतीपासून अगदी थोड्या अंतरावर अशी चुंबके वर्षानुवर्षे राहतात आणि माहिती सुखरूप असते. पेन ड्राइव्ह आणि एसएसडी यांत तर नोंद चुंबकत्वाची नसून विद्युतभाराची असते, त्यामुळे तिथे स्पीकरची चिंता करण्याचे कारण नाही.

म्हणजे आता काहीच सांभाळायला नको, असे मात्र मी म्हणणार नाही. बऱ्याच लॅपटॉपच्या झाकणात एक छोटे चुंबक असते आणि खालच्या भागात ते ओळखणारा संवेदक असतो. झाकण मिटले की पडदा बंद होतो तो त्यामुळे. लॅपटॉप एखाद्या स्पीकरवर किंवा हेडफोनवर टेकवून ठेवला तर हा संवेदक फसतो आणि झाकण उघडे असतानाही पडदा काळा होतो. यात काही बिघडलेले नसते, लॅपटॉप थोडा सरकवला की काम होते. हे ठाऊक नसल्यामुळे चांगला लॅपटॉप दुरुस्तीला नेण्याची वेळ येऊ नये, असे मला मनापासून वाटते.

खरी काळजी मला स्पीकरच्या चुंबकापेक्षा त्याच्या हादऱ्यांची वाटते. फिरत्या चकतीवर वाचकाचे टोक काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असते. सप्टेंबर २०१६ मध्ये रोमानियातल्या बुखारेस्ट इथल्या एका बँकेच्या डेटा सेंटरमध्ये आग विझवणाऱ्या वायूची चाचणी घेतली गेली, तेव्हा वायू सुटताना झालेल्या प्रचंड आवाजाने अनेक हार्ड डिस्क निकामी झाल्या. घरातला स्पीकर तेवढा मोठा आवाज करत नाही. पण फिरत्या चकतीची डिस्क जड आवाजाच्या स्पीकरवर ठेवून ती चालू असताना मोठ्याने संगीत लावणे टाळावे. डिस्क वेगळ्या फळीवर ठेवावी आणि स्पीकरखाली रबरी पाय असू द्यावेत.

आणि कुणाच्या कपाटात अजून जुन्या फ्लॉप्या किंवा आवाजाच्या कॅसेटी असतील, तर त्या स्पीकरपासून दोन वीत दूर ठेवा आणि सवड काढून त्यांची नवी प्रत करून घ्या, कारण त्यांचा लेप चुंबक न लागताही हळूहळू झिजतोच आहे.