टीं टीं टीं आणि मधेच एक टूं

हे ऐका. टीं, टीं, टीं, टीं, टूं. शेवटचा वेगळा वाजला ना?

आता ही लॅब बघा. खुर्चीतल्या माणसाच्या डोक्यावर ईईजीची, म्हणजे मेंदूतले विजेचे सिग्नल रेघेसारखे टिपणारी टोपी आहे, प्रत्येक इलेक्ट्रोडखाली गार चिकट जेल, आणि त्याला सांगितलंय की आवाजाकडे लक्षच द्यायचं नाही, समोर म्यूट केलेला पिक्चर चाललाय तो सबटायटल वाचत बघत बसायचं. तो बिचारा बघतोयही मन लावून. तरी टूं वाजला की साधारण १५० ते २५० मिलिसेकंदांत त्याच्या मेंदूची रेघ हलते! एका टूंने हे दिसत नाही हं, सिग्नल जेमतेम काही मायक्रोव्होल्टचा, त्यामुळे शेकडो वेळा वाजवून सरासरी काढावी लागते. फिनलंडचे रिस्तो नॅतॅनेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे १९७८ मध्ये मांडलं, नाव मिसमॅच निगेटिव्हिटी. कोमातल्या पेशंटमध्येसुद्धा डॉक्टर ही रेघ शोधतात, सापडली तर जागं होण्याची आशा वाढते.

म्हणजे लक्ष नसतानाही मेंदू हिशोब ठेवतोय, आता काय वाजणार याचा. हिशोब चुकला की नोंद. आणि आवाज फारच वेगळा असला, मधेच हॉर्न किंवा भुंकणं, तर ३०० मिलिसेकंदांच्या आसपास दुसरी लाट येते, पी-थ्री-ए, तेव्हा लक्ष खरंच तिकडे वळलेलं असतं आणि हातातलं काम रेंगाळतं.

म्हणूनच पंख्याची घरघर रात्रभर चालते पण शेजारच्याचं फोनवरचं बोलणं नाही चालत, आवाज कमी असला तरी. १९७६ मध्ये कोल आणि वेल्श या संशोधकांनी तर न कळणारी जर्मन भाषा ऐकवली, तरी लोकांना समोर दाखवलेल्या अक्षरांचा क्रम नीट आठवेना! अर्थ कळला तरच त्रास होतो असं आपण उगाच धरून चालतो.

प्रयोगाबाहेरचं उदाहरण न्यूयॉर्कचं. एका शाळेच्या खिडक्यांशेजारून उंचावरची ट्रेन दर चार-पाच मिनिटांनी धडधडत जायची, टीचर बोलता बोलता थांबायच्या. १९७५ मध्ये मानसशास्त्रज्ञ आर्लीन ब्रॉन्झाफ्ट यांनी तपासलं तर रुळांकडच्या वर्गातली मुलं वाचनात मागे, सहावीपर्यंत जवळपास वर्षभराने. मग रुळांखाली रबरी पॅड बसले, वर्गांच्या छताला आवाज शोषणाऱ्या टाइल्स लागल्या, आणि १९८१ च्या अभ्यासात दोन्ही बाजूंची मुलं बरोबरीला आलेली होती.