थंडीच्या सकाळी ट्रक सुरू होत नाही तेव्हा

नमस्कार, श्रोतेहो.

वरूड, मोर्शी, काटोलच्या पट्ट्यात संत्र्याची तोड सुरू आहे, यवतमाळ आणि हिंगणघाटकडे कापसाच्या गाड्या जिनिंगच्या दारात लागत आहेत, आणि नेमक्या याच दिवसांत पहाटे ट्रक कितीही सेल्फ मारला तरी सुरू होत नाही, अशी तक्रार गावोगावी ऐकू येते. अशा वेळी डिझेलचा पंप उतरवण्यापूर्वी किंवा नवी बॅटरी घेण्यापूर्वी घरच्या घरी काय तपासता येते, ते आज आपण पाहू. हे बोलणे मुख्यतः यांत्रिक पंपाच्या जुन्या गाड्यांविषयी आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा मूळ आकारमानाच्या साधारण सोळाव्या ते अठराव्या भागाइतकी दाबली जाते, त्या दाबाने ती ५०० अंश सेल्सियसच्याही वर तापते, आणि तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे यशस्वी केलेल्या इंजिनाचे तत्त्व हेच होते. म्हणून प्रश्न दोनच उरतात: हवा पुरेशी तापते आहे का, आणि डिझेल पोहोचते आहे का?

गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, चाकांना दगडाची ओट लावून सेल्फ मारावा आणि एकाने सायलेन्सरकडे पाहावे. सेल्फ जड, रेंगाळत फिरत असेल, तर हवा तापण्याइतका वेग मिळत नाही. आधी बॅटरीची टर्मिनल घासून घट्ट करावीत आणि अर्थिंगची वायर पाहावी. २४ व्होल्टच्या गाडीत सेल्फ मारताना व्होल्टेज १९ च्या बरेच खाली जात असेल, तर बॅटरी किंवा वायर यांत दोष आहे. सेल्फ जोरात फिरतो आणि पांढरा धूर येतो, तेव्हा डिझेल पोहोचते आहे पण जळत नाही. सेल्फ जोरात फिरतो आणि धूर मुळीच येत नाही, तेव्हा डिझेलच पोहोचत नाही. ही खूण पुन्हा सांगतो, कारण पुढील सारे तिच्यावर अवलंबून आहे: पांढरा धूर म्हणजे डिझेल आहे, धूर नाही म्हणजे डिझेल नाही.

वरूड तालुक्यातील माझ्या ओळखीच्या एका गाडीमालकाचा जुना ट्रक ऐन संत्र्याच्या हंगामात असाच अडून बसू लागला. त्यांनी नवी बॅटरी घेतली, सेल्फ उघडून घेतला, आणि पंप व नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग, अमरावतीला पाठवण्याची बोलणी चालली होती. तेवढ्यात एक वयस्कर मिस्त्री आले. त्यांनी बॉनेटला हातही न लावता बाजूला उभ्या असलेल्या चालकाला विचारले, "रात्री गाडी कुठं लावतोस बाबू?" चालक म्हणाला, "घरासमोरच्या चढावर लावली का सकाळी लय त्रास देते जी, अन् बगीच्यात सपाटीवर लावली का पहिल्या सेल्फले उठते." इतके दिवस ही गोष्ट त्याला कोणी विचारलीच नव्हती. माझे ठाम मत आहे की गाडीचे दुखणे चालकाला सर्वांआधी कळते, आणि मालकांनी दुरुस्तीच्या बोलण्यात त्याला बसवून घेतले पाहिजे. त्याची मजुरी वेळेवर देणेही त्यातच आले.

मिस्त्रींनी गाडी रात्री मुद्दाम चढावर, तोंड वर करून उभी करायला लावली. सकाळी सेल्फ जोरात फिरला, पण सायलेन्सरमधून धुराची रेघही निघाली नाही. मग त्यांनी हॅण्ड प्रायमर, म्हणजे हाताने दाबून डिझेल पुढे ढकलण्याचा छोटा पंप, दाबायला सुरुवात केली. तो आधी पोकळ लागत होता. बऱ्याच वेळाने, फिल्टरवरचा स्क्रू सैल करून फेस जाऊ दिल्यानंतर, तो हाताला कडक लागला, आणि इंजिन लगेच सुरू झाले. आता त्यांनी टाकीकडून येणाऱ्या पाइपात पारदर्शक नळीचा एक तुकडा जोडला. चालू इंजिनात त्या नळीतून बुडबुडे सरकताना आम्ही सर्वांनी पाहिले. गाडी एअर घेत होती. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाच्या तोंडाशी असलेल्या बोल्टखालचे तांब्याचे वॉशर वारंवार आवळून चेपले गेले होते.

तेथे बाहेर डिझेलचा थेंबही नव्हता, म्हणून कोणाचे लक्ष गेले नव्हते. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या भागात डिझेल ओढले जाते. तेथील फटीतून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरते. इंजिन चालू असेपर्यंत पंप त्या हवेवर मात करतो, परंतु रात्री गाडी चढावर उभी राहिली की टाकी इंजिनापेक्षा आणखी खाली जाते, फटीतून हवा मिळाल्याने पाइपातील डिझेल टाकीत उतरते, आणि सकाळी पंपाला रिकामा पाइप ओढावा लागतो. नवे वॉशर घातले, गाडी पुन्हा त्याच चढावर रात्रभर ठेवली, आणि सकाळी ती पहिल्या सेल्फला सुरू झाली. तांब्याचे वॉशर एकदा चेपले की ते तसेच पुन्हा वापरू नये.

एअर फिल्टरच्या तोंडाशी पेटता बोळा धरून गाडी उठवण्याची रीत मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. ती कृपया सोडा; तिच्यामुळे आग लागू शकते आणि गाडीचा मूळ दोष तसाच राहतो. प्रायमर करूनही, सेल्फ जोरात फिरूनही पांढरा धूरच येत राहिला, तर कम्प्रेशन, म्हणजे हवा पुरेशी दाबली जाते का, किंवा पंपाचा टायमिंग, म्हणजे डिझेल वेळेवर फवारले जाते का, हे तपासावे लागेल, आणि ते काम मिस्त्रींचे आहे.

१ एप्रिल २०२० पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-सहा, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचे कडक नियम पाळणाऱ्या गाड्यांमध्ये, तसेच त्याआधीच्या कॉमन रेल, म्हणजे सर्व नोझलना एकाच नळीतून मोठ्या दाबाने डिझेल देणाऱ्या गाड्यांमध्ये, नोझलकडे जाणारा पाइप घरी कधीही सैल करू नये. त्यातील दाब हजार बारच्या वर जातो, आणि सुईसारखी निघालेली डिझेलची धार कातडीतून आत शिरते. तशी इजा झाल्यास जखम कितीही लहान दिसली तरी त्याच क्षणी रुग्णालय गाठावे. नमस्कार.